कच्च्या मडक्यांना नावं ठेवणारं गाव

कुंभारांची वस्ती असलेल्या एका गावात येसबा नावाचा कुंभार नव्यानं राहायला आला. त्याचा हात मोठा सफाईदार, पण मन महासंशयी! कुणी सहज “काय येसबा, बरं हाय का?” म्हटलं, तरी याला वाटे, हा आपली माती कुठली ते काढून घ्यायला आलाय.

गावात सुताराच्या लेकीचं लग्न ठरलं. लग्नाची रंगीत मडकी कुंभाराच्या दारातून वाजतगाजत न्यायची रीत होती. त्या वर्षी हा मान शेजारच्या गोजराकाकूंचा होता. त्यांनी आपण होऊन तो येसबाला दिला. ही मडकी चांगली उतरली, की गाव त्याला आपला कुंभार म्हणणार होतं. येसबाला मात्र झोप लागेना. हातचा मान कुणी फुकट सोडतं का? म्हातारीच्या मनात नक्कीच काळंबेरं असणार.

त्यानं पन्नास मडकी घडवली, सुकवली आणि अंगणात भट्टी रचली. सकाळीच सारी वस्ती हसत हसत दारात जमली.

“ही मडकी म्हणायची का भोपळे?” एकानं विचारलं.

“यातलं पाणी गाढवसुद्धा पिणार न्हाई,” दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला.

सगळे येसबाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. येसबाचं डोकं फिरलं. बायका-पोरांसमोर आपली अब्रू काढायला हे आलेत! त्यानं काठी उगारली आणि सगळ्यांना हाकलून दिलं.

गोजराकाकू जाता जाता थांबल्या. “आरं, वाऱ्याकडच्या अंगाला माती जाड लिंप. न्हाईतर जाळ एकीकडंच उसळंल.”

येसबा मनात म्हणाला, अस्सं! म्हणजे आत हवा जाऊ नये आणि माझी भट्टी विझावी! त्यानं वाऱ्याकडची बाजू मुद्दाम उघडी ठेवली आणि भट्टी पेटवली. दुपारी वारा सुटला. जाळ एका अंगाला भडकला, आणि आतून मडकी तडकल्याचे आवाज येऊ लागले. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली, तर पन्नासातलं एकही धड नव्हतं.

गोजराकाकू धावत आल्या. येसबा कडवटपणे म्हणाला, “हसा आता पोटभर.”

“आता कशाला हसू?” काकूंचे डोळे भरून आले. “कच्च्या मडक्यांना दिष्ट लागू नये म्हणून आमी नावं ठेवतो. मग घरधन्यानं आपल्या मडक्यांना त्याहून मोठं नाव ठेवायचं, समद्यांनी हसायचं आन् मातीत हात घालून भट्टी लिंपायची. तुला मदत करायलाच आलं हुतं रं गाव!”

येसबा खाली बसून फुटकी खापरं गोळा करू लागला.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री येसबाच्या दारावरून पुढे गेली आणि गोजराकाकूंच्या दाराशी थांबली. त्यांची जुनी पक्की मडकी डोक्यावर घेऊन बायका परतल्या. येसबा दारात उभा होता. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी त्याला परक्या पाहुण्याला करावा तसा आदरानं रामराम केला. एकानंही त्याची थट्टा केली नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

तात्पर्य: हसणाऱ्याचे शब्द ऐकून रागावण्याआधी त्याचा हेतू समजून घ्यावा, संशयी माणसाला थट्टेतली माया दिसत नाही, आणि मग तो आपल्याच माणसांना मुकतो.