वेदीपुढची खुर्ची

फादर एमिलियो तीन गावांतल्या रविवारच्या मिस्सा-प्रार्थना उरकून, अंगावरचा फटफटीचा धुरळा झटकत चौथ्या गावच्या चर्चमध्ये शिरले आणि त्यांचं डोकंच फिरलं. यकोबराव पारख्यांची खुर्ची आणखी पुढे आली होती!

सगळं गाव सतरंजीवर बसे, पण यकोबराव घरून सागवानी खुर्ची आणत. दर रविवारी ती हातभर पुढे सरके. मागच्या म्हाताऱ्यांना वेदीऐवजी यकोबरावांचा फेटा दिसे. फादर गप्प बसत, कारण मिशनच्या शाळेला पाणी यकोबरावांच्या विहिरीचं. आज मात्र खुर्ची थेट वेदीच्या पायरीला टेकली होती.

"यकोबराव, आता मी उभा कुठं राहू?"

"ते तुम्ही बघा, फादर. चर्चला जमीन दिली माझ्या आज्यानं. पुढची जागा आमच्या घराण्याची!"

फादरांनी कपाळावरचा घाम पुसला. "खरं आहे. तुमचे आजोबा इथंच होते, वडीलही इथंच. मीच त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. पण ते खुर्चीत नव्हते हो, शवपेटीत होते. चौघांनी आणून ठेवलं होतं. तुमचीही जागा मी राखून ठेवलीय. एवढी घाई कशाला करताय?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. यकोबरावांनी खुर्ची स्वतःच उचलली.

तेव्हापासून ते सतरंजीच्या टोकाला, दाराला टेकून बसतात. फादर दर रविवारी वैतागून ओरडतात, "यकोबराव, जरा पुढं या!"

ते जागचे हलत नाहीत.