कुंपणाजवळचं बारावं झाड

डोंगरापलीकडच्या एका राज्यात झेंडू लावणारा एक माळी राहत असे. त्याच्या झेंडूला तोड नव्हती, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे.

त्याच राज्यात एक वैद्यबाई होत्या. त्यांच्या घरामागे उंच कुंपणाचा लहानसा मळा होता आणि त्यात भांगेची झाडं होती. बाई त्यांना मानानं विजया म्हणत. राजाची परवानगी या एकाच मळ्याला होती, तीही औषधापुरती. वर्षातून एकदा झाडं फुलत, त्या फुलांचं तेल निघे, आणि ज्यांच्या दुखण्यावर दुसरा इलाज उरलेला नसे त्यांना ते थेंबाथेंबानं मिळे. गावातली म्हातारी कुंभारीण त्यांतलीच एक. तिच्या हाडांत असा ठणका असे की तिला उठबस नकोशी होई. रोज सकाळी एक थेंब घेतला की तिचा दिवस कसाबसा निभावे.

मळ्याची जुनी माळीण थकली, तेव्हा वैद्यबाईंनी झेंडूवाल्याला बोलावून घेतलं.

"फुलांचं मला काय शिकवता, बाई?" तो हसत म्हणाला. "उभा जन्म फुलांत गेला माझा."

"हे फूल वेगळं आहे," बाई म्हणाल्या. "दिवस लहान व्हायला लागले की झाडं फुलोऱ्यावर येतील. तेव्हा रोज सकाळी पेरन् पेर बघायचं. जिथे दोन पांढरे तंतू फुटलेले दिसतील, ते मादी झाड. औषध तिच्यात. जिथे लोंबणाऱ्या गोल कळ्या दिसतील, ते नर झाड. ते कळ्या उमलायच्या आत मुळासकट उपटायचं. त्याची पिवळी भुकटी उडाली की मादी बी धरते आणि सगळं बळ त्या बियांत घालते. नर असे वेचून काढण्याला आम्ही निवड म्हणतो. निवड चुकली की वर्ष गेलं."

"आणि तोडणी कधी?"

"घाई करायची नाही. तंतूंचे झुबके होतील, मग बोटाला चिकटेल असा चीक सुटेल, आणि तंतू तपकिरी होतील ते सगळ्यात शेवटी. चांगले दोन महिने लागतात."

माळ्यानं मान डोलावली. कामाला तो वाघ होता, ते नाकारून चालणार नाही. पावसाळाभर त्यानं झाडांची निगा राखली. दिवस लहान झाले तसा तो पहाटे उठून पेरं तपासू लागला. एक नर दिसला, उपटला. दुसरा दिसला, उपटला. असे अकरा उपटले.

बारावं झाड कुंपणाजवळ होतं. मळ्यात सगळ्यात उंच. वाऱ्यानं ते मोडलं होतं तेव्हा त्यानंच त्याला काठीचा आधार देऊन, ओल्या फडक्यानं बांधून जगवलं होतं. आता त्याला कळ्यांचे घोसच्या घोस आले होते. आमच्या माळ्यानं आयुष्यभर काय केलं? कळ्यांनी लगडलेलं झाड राखलं आणि रोडकं उपटून टाकलं. त्याचा हात बुंध्याशी गेला आणि तिथेच अडला.

'कळ्या अजून मिटलेल्याच आहेत,' त्यानं मनाशी म्हटलं. 'उमलायच्या बेतात आल्या की उपटू. आणि एवढ्या मळ्यात एकानं काय होतंय?'

"निवड झाली?" वैद्यबाईंनी विचारलं.

"झाली, बाई."

दुसऱ्या दिवशीही झाली, तिसऱ्याही दिवशी झाली. चौथ्या दिवशी ऊन कडक पडलं. माळी जेवून परत आला तर त्या झाडाखालची पानं पिवळ्या भुकटीनं माखलेली. त्यानं झाड उपटलं, खड्ड्यात पुरलं, आणि कुणाला काही बोलला नाही.

पुढचे आठ दिवस काहीच घडलं नाही. त्याला हायसं वाटलं. मग एके सकाळी बघतो तो काय, पांढरे तंतू तपकिरी झालेले, फुलं टच्च फुगलेली! अजून महिनासुद्धा झाला नव्हता. माळ्याला आनंदानं काही सुचेना. 'दोन महिने म्हणे! माझ्या हाताला एका महिन्यात पीक आलं.' भेटेल त्याला सांगत तो थेट कुंभारणीच्या घरी गेला.

"आजी, यंदा तेल लवकर. आठवड्याभरात येतंय बघ."

"खरंच का रे?" म्हातारीचा चेहरा फुलला. तिनं शिशीत राखून ठेवलेले थेंब पुरवून पुरवून वापरायचं सोडलं. कितीतरी दिवसांनी ती अंगणात येऊन बसली.

आठवड्यानं, माळ्याच्या निरोपावरून, तोडणीसाठी वैद्यबाई मळ्यात आल्या. तपकिरी झुबके पाहून त्या जागीच थबकल्या. त्यांनी एक फूल खुडलं आणि तळहातावर चोळलं.

हातात बिया होत्या.

"चुकून एखादं असेल," माळी म्हणाला. त्यानं दुसरं फूल फोडलं. बिया. पुढच्या वाफ्यातलं फोडलं. बिया. तो धावत मळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला, तिथलं फोडलं, बिया खाली सांडल्या. अहो, एक झाड! साऱ्या मळ्यात एक झाड, आणि एक फूल धड राहिलं नव्हतं! पिकलं म्हणून ज्याची त्यानं गावभर दवंडी पिटली, ते बी धरल्यामुळे वाळलेलं होतं.

"किती नर ठेवलेस?" बाईंनी विचारलं.

"एकच."

वैद्यबाई बांधावरच खाली बसल्या. रागावल्या नाहीत, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्या म्हणाल्या, "कुंभारणीला तू सांगितलंस ना तेल येतंय म्हणून? मग येणार नाही हेही तूच सांग."

कुंभारीण अंथरुणावर होती. माळ्यानं दारातूनच सगळं सांगून टाकलं.

"शिशी तर मी काल संपवली रे," ती म्हणाली. "तू म्हणालास म्हणून."

माळी उंबरा ओलांडून आत आला.

"पुढचं तेल किती महिन्यांनी?" तिनं विचारलं. "माझी बोटं दुमडत नाहीत, बाबा. तूच मोज."

तो तिच्या उशाशी बसला आणि मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी महिने संपले नाहीत.

तात्पर्य हेच, की जे उपटायचं म्हणून कळलेलं असतं ते केवळ आपलं लाडकं म्हणून राखू नये. त्याचं दुखणं दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर येतं.