आड आलेला तारा

एकदा एका वृद्ध खगोलशास्त्रज्ञांकडे शाल्मली नावाची विद्यार्थिनी संशोधन करीत होती. तिचा विषय होता एक क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातले कृष्णविवर आणि त्याभोवती फिरणारी तप्त वायूची झगझगीत तबकडी. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने या तबकडीचा प्रकाश वळे आणि एकाच क्वेसारच्या चार प्रतिमा दिसत. एका प्रतिमेतला तेजाचा चढउतार दुसरीत किती उशिराने उमटतो, हे शाल्मलीला मोजायचे होते.

काम हातातोंडाशी आले आणि चारांतली एक प्रतिमा एकटीच उजळू लागली. मधल्या दीर्घिकेतला एखादा तारा त्या प्रकाशाच्या आड सरकून त्याला भिंगासारखा अधिकच एकवटत होता. मोजमाप बिघडले. बरोबरीचे सारे पदवी घेऊन निघून गेले होते. शेवटी ती प्रतिमा वगळून उरलेल्या तिन्हींचा आलेख तिने सरांपुढे ठेवला. "एवढेच पदरात पडले, सर. यावर प्रबंध होत नसेल, तर मी संशोधन इथेच सोडते."

सरांनी आलेख न पाहताच बाजूला सारला. बिघडलेल्या प्रतिमेवरच, निळ्या आणि तांबड्या प्रकाशात वेगवेगळी, वर्षभर नजर ठेवायला सांगितले. सरांचे वय झाले, असे तिच्या मनात आले, आणि तसे मनात आल्याची लाजही वाटली. त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून ती निरीक्षणे घेत राहिली.

वर्ष सरता सरता दोन आलेख तयार झाले. तांबडा जरासा चढून उतरला होता. निळा मात्र उंच उसळला होता. इतर प्रतिमांत असा फरक नव्हता. तिला उलगडा होईना.

सर म्हणाले, "उगम जितका लहान, तितके हे ताऱ्याचे भिंग त्याला अधिक उजळते. म्हणजे निळा प्रकाश तबकडीच्या आतल्या, लहानशा, अतितप्त भागातून येतो आणि तांबडा बाहेरच्या पसरट भागातून. या फरकावरून तबकडीची रचना मांडता येईल. एरवी आपल्या दुर्बिणीला ती नुसता ठिपका दिसते. ताऱ्याने तुझी वाट अडवली, पोरी, आणि तुझे कष्ट मला दिसत होते. पण पाहायची सोयही त्यानेच केली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलेत?"

"निळा असा चढेल, याची मलाही खात्री नव्हती. खोटी आशा कशी देऊ?"

शाल्मलीने दोन्ही आलेख पुन्हा जवळ ओढले. दुसऱ्या दिवशी तिने प्रबंधाचा विषय बदलून घेतला. त्या तीन स्वच्छ प्रतिमा आता ताडून पाहण्यापुरत्या उरल्या.

आपल्याही वाटेत जे आडवे येते, ते बाजूला सारण्याआधी त्यातून एकदा पलीकडे पाहून घ्यावे.