ठकूची ढोली

पांगाऱ्याच्या अंगावर अजून काटे आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या ढोलीत ठकू नावाची सुतारपक्षीण एकुलत्या लेकीला घेऊन राहायची. ही ढोली लेकीला पुरेल का, या काळजीने ठकूच्या डोळ्याला डोळा लागेना.

म्हणून एका आठवड्यात तिने आतली जागा वाढवली. दुसऱ्या आठवड्यात, लेकीला लाकडाचा सल टोचू नये म्हणून भिंती तासल्या. तिसऱ्यात पंख पसरायला एक कोनाडा कोरला. शेजारची साळुंकी दर आठवड्याला काम बघायला यायची.

"झालं का गं, ठकू?"

"होतच आलंय, साळूताई. तुमची पोरं काडीकचऱ्यातही वाढतात. मला मेलीला ते जमत नाही."

"अगं, पण खाली भुसा बघ किती पडलाय. झाडाचं काही उरलंय की नाही?"

ते ठकूच्या मनाला लागलं. आपलं चुकतंय असं तिला आधीपासून वाटतच होतं. पण चोच थांबली की काळजी सुरू व्हायची, म्हणून ती चोच थांबवत नव्हती.

मग वाऱ्याचे दिवस आले. एका सकाळी ठकू मुंग्या घेऊन परतली, तर लेक ढोलीच्या मधोमध अंग चोरून बसलेली.

"एवढी ऐसपैस जागा केली तुझ्यासाठी, आणि तू अशी का बसलीस?"

"टेकलं की भिंत हलते, आई," लेक हळूच म्हणाली. "तूपण टेकू नकोस हं."