पाच ताऱ्यांची इमारत आणि ठवकरबाईंचा कूलर

ऐन मे महिन्यात नागपूरचे बिल्डर खोरगडे यांनी आम्हा पत्रकारांना आपल्या नव्या इमारतीत बोलावले. वीज वाचवण्याबद्दल तिला पाच तारे मिळाले होते. तारे भिंतींना मिळाले, पंख्यांना की नुसत्या नकाशाला, हे तीनदा विचारूनही मला कळेना. "इथं वीज सर्वांत कमी लागते," एवढेच साहेब ठणकावत होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या ठवकरबाई उठल्या. "साहेब, आमचे हे उन्हानं आजारी पडलेत. खिडकीत कूलर लावू द्या."

"कूलरला बंदी आहे, मावशी. वीज वाढली की तारे जातील."

"म्हणजे आम्ही उकडून निघतो, म्हणून तारे?"

"वापर कमी, तारे जास्त. सोपा हिशोब आहे!"

"मग सहा तारे स्मशानघाटाला द्या. तिथले लोक कूलर मागत नाहीत अन् तक्रारही करत नाहीत."

हॉलभर हशा पिकला. "हा हिशोब उद्या छापू का?" मी विचारले.

साहेबांनी तिथल्या तिथे बंदी उठवली. तारे कशाचे, ते मला अजून कळलेले नाही. ठवकर मात्र त्याच दुपारी कूलरसमोर गाढ झोपले.