गोवरीवरचं बी

भक्तहो, पंचपक्वान्नांना हात न लावता वाटीभर ताकावर संतुष्ट होणारे ताकमहाराज एकदा हिवरदरीला आले आणि थेट तान्हूबाईच्या ओसरीवर बसले. तिचा आनंद गगनात मावेना!

तान्हूबाईच्या परसात दरसाल टोमॅटोचा एक वाफा असे. फळं वेडीवाकडी, घड्या पडलेली. पण एक चिरलं की घरभर वास सुटे. ते बी आईने लग्नात तिच्या ओटीत घातलेलं. पिकल्या फळाचा गर ती बियांसकट गोवरीवर फासून वाळवी आणि पुढच्या हंगामापर्यंत ती गोवरी जपून ठेवी. शेजारचे रंगराव पाटील पाकिटातलं बी लावणारे. ते कुंपणावरून हसत, "तान्हूबाई, हे टोमॅटो हायेत का मार खाल्लेले भोपळे?"

त्या सकाळी महाराजांच्या स्नानाचं पाणी तापवायच्या गडबडीत तान्हूबाईने हाताला आली ती गोवरी चुलीत सारली. पाणी उकळलं, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. परसातली जुनी झाडं तर केव्हाच वाळून गेली होती.

"माझ्या आईचं बी जळलं, म्हाराज!" ती चुलीपुढेच रडत बसली.

महाराज म्हणाले, "माझ्या अंघोळीपायी जळलं ना? मग मलाच बघायला हवं." त्यांनी चिमूटभर राख उचलली.

गंमत बघायला आलेले रंगराव खो खो हसले. "राखेतनं रोप? उगवलंच तर माझ्या फेट्यावर उगवंल!"

"जशी तुमची इच्छा," असं म्हणून महाराजांनी ती चिमूट त्यांच्या फेट्यावर सोडली.

चौथ्या दिवशी रंगराव आले, ते मान ताठ धरून, एकेक पाऊल जपून टाकत. फेट्याच्या घडीघडीतून हिरवीगार रोपं डोलत होती!

"फेटा उतरंना, आन् झटकली की दुप्पट येत्यात, म्हाराज," असं रडकुंडीला येऊन म्हणत ते पाया पडायला निघाले.

"वाकू नका, पाटील!" तान्हूबाई ओरडली. "रोपं मोडतील!"

जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस वाकायला निघाला, तर त्याला वाकायची सोय नाही! तासभर रंगराव ओसरीवर बसून राहिले आणि तान्हूबाई चमच्याने एकेक रोप मुळासकट काढत राहिली. मध्येच तिने रोपांवर पाणी शिंपडलं. ते मिशांवरून ओघळलं, तरी पाटलांनी मान ताठच धरली. तान्हूबाईने एक पान चुरगळून हुंगलं आणि तिचे डोळे भरून आले. "आईचंच हाय!"

मग फेटा उतरला आणि रंगरावांनी बोडक्या डोक्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "चुकलो, म्हाराज! एक रोप मलाबी मिळंल का?"

महाराजांनी हसून तान्हूबाईकडे बघितलं.

"दोन न्या," ती म्हणाली. "त्यास्नी तुमची सवय झालीया."

रंगरावांनी रोपं ओंजळीत घेतली आणि या खेपेला ते तान्हूबाईपुढे वाकले.