निळ्या चोचीचा पोपट

एक नगर होतं, पण आटपाट नव्हतं. चांगलं चढाउताराचं होतं. इतकं, की वरच्या आळीत हातातून निसटलेलं लिंबू खालच्या आळीत पोचेपर्यंत त्याचं सरबत झालेलं असे. खोटं वाटत असेल तर लिंबाला विचारा.

त्या खालच्या आळीत मथूआक्का राहायची. घरधनी लवकर गेले. पदरात दोन मुलगे आणि शेंडेफळ उजू. आक्का लोकांच्या गोधड्या शिवायची. जगातले सगळे रंग तिच्या मांडीवर यायचे, हळदपिवळे, जांभुळजांभळे, पोपटहिरवे, आणि गोधडी झाली की दुसऱ्याच्या घरी निघून जायचे. तिच्या घरात शोभेची वस्तू अशी एकच होती. दारावर टांगलेला काचमण्यांचा चिमुकला पोपट.

तो उजूने विणला होता, वयाच्या आठव्या वर्षी. पंख हिरवेगार, डोळा काळाभोर, चोच मात्र निळी! कारण लाल मणी नव्हते.

"आई, चार आण्यांचे लाल मणी घेऊ या ना," उजू म्हणायची.

"पुढच्या महिन्यात हं, राणी."

पुढचा महिना आला की त्याच्यापुढे आणखी एक महिना उभाच असे.

एका दुपारी गल्लीत हौसा बोहारीण आली. जुने कपडे घ्यायचे आणि नवं भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. डोक्यावरची पाटी अशी लखलखायची, की कावळे त्यात बघून भांग पाडायचे. आक्काच्या एकुलत्या पातेल्याला नेमकं भोक पडलं होतं. तिने दोन विटकी लुगडी आणि एक सदरा पुढे टाकला.

"एवढ्यात वाटी येईल, ताई," हौसा म्हणाली. "पातेल्याला आणखी एक काहीतरी टाका."

आक्काने फाटकी चादर आणली.

"आणखी एक. अडू नका बघा एकासाठी."

बोहारणीचं 'आणखी एक' कधी संपत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आक्काने घरभर नजर फिरवली. काहीच नव्हतं. मग नजर दारावर गेली.

'विणेल की पोरगी दुसरा,' असं मनाशी म्हणत तिने पोपट काढून दिला.

संध्याकाळी उजू शाळेतून आली. दाराकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं.

"आई, नवीन पातेलं?"

"हो. छान आहे ना?"

"हो," उजू म्हणाली.

बस, एवढंच. रडली नाही, रुसली नाही. पण त्यानंतर तिने मण्याला कधी हात लावला नाही.

वर्षं उतारावरच्या लिंबासारखी गेली. मुलगे नोकऱ्यांना दूर गेले, उजू लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. घर मोकळं झालं, आणि मथूआक्का दर रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागली. तिथून काय काय आणायची! बिनसोंडेचा हत्ती, एका शिंगाचं हरीण, बूच हरवलेली अत्तरदाणी, पोटात बुडबुडे असलेला काचेचा पेपरवेट. घरी आणून ती त्यांना लिंबूपाण्याने न्हाऊ घालायची, खळीने सांधायची.

शेजारचे भाऊसाहेब ओरडायचे, "आक्का, भंगाराचं दुकान काढताय का?"

"दवाखाना काढलाय! तुमचे गुडघे घेऊन या, तेही चिकटवते!"

सगळे हसायचे. पण दर रविवारी, दर गाड्यावर, आक्काचे डोळे एकच गोष्ट शोधायचे, हे कुणाला माहीत नव्हतं. तीस वर्षांत तो पोपट काही दिसला नव्हता.

एका रविवारी तिला चिनी मातीची एक परी मिळाली. बोटभर उंचीची, दुधासारखी पांढरी, गालावर गुलाबी ठिपका. पंख मात्र एकच. गाडेवाला म्हणाला, "अहो, हिला फुकट न्या. कोण घेतंय एका पंखाची परी!"

आक्काने मिठाईच्या खोक्यातली बेगड जपून ठेवली होती. तिचा कातरून कातरून नाजुकसा पंख केला, खळीने चिकटवला, आणि परीला वाळत ठेवलं परसातल्या गुलबक्षीच्या ताटव्याशी. शेजारी न्हाऊ घातलेला पेपरवेटही.

चार वाजले. गुलबक्षीची फुलं उमलायची वेळ झाली. एक गुलाबी उमललं, एक पिवळं, एक अर्धं असं अर्धं तसं. आणि परी शिंकली.

"ऑक्छी! केवढी खळ लावलीस गं, बाळ!"

आक्का खाली बसली. बसली म्हणजे पडलीच.

"बाळ कुणाला म्हणतेस? मी त्रेसष्टची आहे."

"आणि मी नऊशेची. आता सांग, बाळ कोण?" परीने बेगडी पंख हलवून पाहिला. त्यातून सोनेरी कण सांडले. "माझ्यावर कुणी इतका वेळ घालवला नव्हता. तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं. कुठलीही वस्तू आणून देईन, पण आधी ती कुणाच्या हातात आहे ते पाहायचं. गेलेला दिवस दाखवीन, पण फिरवणार नाही. आणि तिसरी इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. सगळं दिवेलागणीच्या आत."

आक्काला विचार करावाच लागला नाही.

"माझ्या उजूचा पोपट."

परीने पेपरवेटला बोट लावलं. आतले बुडबुडे बाजूला झाले आणि एक पत्र्याचं घर दिसलं. हौसा बोहारीण पार म्हातारी झाली होती. पोपट तिने विकलाच नव्हता! तो झोळीवर टांगलेला होता, आणि झोळीतली इवलीशी नात त्याच्या निळ्या चोचीला भाताचं शीत चिकटवत होती. "खा ले, लाजा, खा!"

"आणू?" परीने विचारलं. "तू फक्त 'आण' म्हण."

आक्काचे ओठ उघडले. तीस वर्षं! एक शब्द! पण तिला आठवला तो मोकळा दरवाजा, आणि एक छोटंसं 'हो'.

"नको," ती म्हणाली. "एका पोरीचा नेला, तेवढा पुरे."

"एक इच्छा गेली हं."

"जाऊ दे. मला तो दिवस दाखव."

पेपरवेटमध्ये गल्ली दिसली. दोन वेण्यांची उजू दप्तर उडवत, उड्या मारत येत होती. तिने दाराकडे पाहिलं. थांबली. मग तिने घट्ट मिटलेली मूठ उघडली. मुठीत लाल मणी होते, लालचुटुक, धुळीने माखलेले. मणेराच्या दुकानासमोरच्या मातीतून एकेक वेचलेले. उजूने ते मोजले. अकरा. पुन्हा मूठ मिटली आणि ती घराला वळसा घालून गेली.

"अगं, कुठे गेली? पुढचं दाखव ना!"

"काचेला कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही, बाळ."

आक्का रडली. तीस वर्षांचं एकदम रडली. गुलबक्षीसुद्धा खाली पाहू लागली.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "नुसतं विचारलं असतं, तर तिने स्वतःच काढून दिला असता. तशीच होती ती."

आभाळ केशरी झालं होतं. परी हळूच म्हणाली, "उजूला ते विसरायला लावू? इच्छा तिच्यासाठीच होईल, नियमात बसते."

आक्काने डोळे पुसले.

"ती विसरली तर सुटेन मी. म्हणजे ती इच्छा माझ्यासाठीच झाली की. आणि मग माफी कुणाकडे मागू?" तिने बेगडी पंखावरून बोट फिरवलं. "तुझा हा पंख खरा होऊ दे, बाई. बेगड पावसात टिकायची नाही."

 नऊशे वर्षांच्या परीने आक्काच्या अंगठ्याची पापी घेतली. बेगडीचा पंख थरथरला, चंदेरी झाला, मोरपंखी झाला, आणि परसात असा लख्ख उजेड पडला की वरच्या आळीतले कोंबडे चुकून आरवले. उजेड विरला तेव्हा परी नव्हती. पण विरताविरता त्याने गुलबक्षीच्या मुळाशी काहीतरी चमकवलं होतं. लाल.

आक्काने बोटांनी माती उकरली. एक मणी. दुसरा. दहा सापडले. अकरावा काही सापडला नाही.

तीस वर्षं ती त्यांना रोज पाणी घालत होती.

त्याच संध्याकाळी तिने फोन लावला. "उजू, तुझा पोपट मी पातेल्यासाठी दिला. तुला विचारलं नाही. चुकलं गं माझं."

आक्काने फोन कानाशी घट्ट धरला.

"निळ्या चोचीचा?" उजू म्हणाली. मग म्हणाली, "येते मी रविवारी."

रविवारी आक्का जुन्या बाजारात गेली नाही. मायलेकी परसात बसल्या. उजूच्या केसांत आता पांढरी बट होती. तिने दहा मणी तळहातावर फिरवले.

"मला वाटलं होतं, गुलबक्षीच्या बियांसारखे पेरले तर पोपट उगवेल," ती म्हणाली. "खूप दिवस पाहायला यायचे. मग यायचं सोडलं."

"मला सांगायचंस तरी."

"तू पातेलं घासत होतीस, आई. इतकी खुशीत होतीस."

आक्काने हौसाच्या नातीची गोष्ट सांगितली. उजू हसली, आणि हसताहसता डोळे पुसू लागली. "तिला कुणी सांगितलं नाही, चोच लाल असते म्हणून?"

"तिला वाटतं, निळीच असते."

उजूने सुई-दोरा आणि लहानपणचा मण्यांचा डबा मागितला. बोटं आधी अडखळली, मग त्यांना आठवलं. दिवेलागणीला नवा पोपट होत आला. चोचीत दहा मणी लाल होते. अकराव्या जागेसाठी आक्का वरच्या आळीतून लाल मणी आणायला निघाली, तर उजूने तिचा पदर धरला.

"राहू दे. तिथे एक निळाच घालू."

तो अजून त्या दारावर आहे. खालच्या आळीत गेलात तर पाहा. फक्त तो मागायचा असेल, तर आधी उजूला विचारा.